गणपतीला गावी जायचंय आणि सातवा महिना चालू आहे: प्रवासाची तयारी

खाडीकाठ | सोमवार, रात्री ९.४०

दरवर्षी गणपतीच्या महिनाभर आधी हाच प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांत तुकड्यातुकड्यांनी विचारला जातो, म्हणून एकत्र लिहिते. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर दुरुस्त करावं.

पहिला प्रश्न असतो, "कितव्या महिन्यापर्यंत चालतं?" सगळं सुरळीत असेल आणि एकच बाळ असेल तर १४ ते २८ आठवडे हा सगळ्यात बरा काळ. उलट्या ओसरलेल्या असतात, पोट फार जड नसतं, अवेळी कळा येण्याची शक्यता कमी असते. २८ ते ३४ मध्येही जाता येतं, पण तपासून आणि डॉक्टरांना विचारून. इथे बहुतेकांची एक चूक होते: आठवडे निघण्याच्या दिवशीचे मोजले जातात. ते परतीच्या दिवशीचे मोजा. ३२ व्या आठवड्यात निघालात, अनंत चतुर्दशीपर्यंत राहिलात, मग परतीचं तिकीट मिळेना म्हणून आणखी आठवडा गेला, तर परतताना ३५ वा लागलेला असतो.

पहिल्या तिमाहीत गावी जायचं असेल तर आधी एक सोनोग्राफी हवीच, ६ ते ८ आठवड्यांच्या दरम्यान. गर्भ पिशवीतच आहे, नळीत नाही, एवढं त्यात कळलं पाहिजे. नळीतला गर्भ फुटला तर आत रक्तस्राव होतो आणि वेळ तासांत मोजावी लागते. डोंगरापलीकडच्या वाडीत ते तास हातात नसतात.

आता कोणी जाऊच नये ते. वार (प्लॅसेंटा) खाली आहे आणि रक्त दिसलंय, पिशवीच्या तोंडाला टाका घातलाय किंवा तोंड आखूड झाल्याचं सोनोग्राफीत आलंय, आधीचं बाळंतपण अवेळी झालंय, बीपी औषधानेही १४०/९० च्या वर राहतंय, हिमोग्लोबिन ७ च्या खाली आहे, बाळाची वाढ खुंटल्याचं सांगितलंय. यांपैकी एक जरी असेल तर यंदा गणपती मुंबईतूनच व्हिडिओ कॉलवर. जुळं असेल तर २८ आठवड्यांनंतर लांबचा प्रवास टाळलेला बरा.

आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हे: कोकणात प्रवास किलोमीटरमध्ये आखू नका, रुग्णालयांमध्ये आखा. आत्ता काही झालं तर मागे वळायचं की पुढे जायचं, हे रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावर आधीच ठरलेलं हवं. महामार्गावर क्रमाने पेण, माणगाव, मग खेडजवळ कळंबणी, चिपळूणच्या पुढे कामथे ही उपजिल्हा रुग्णालयं येतात. सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे. हातखंब्याहून आत वळलं की रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय. पुढे लांजा आणि राजापूरला ग्रामीण रुग्णालयं, मग कणकवली उपजिल्हा, ओरोसला सिंधुदुर्गचं जिल्हा रुग्णालय आणि सावंतवाडी उपजिल्हा. हातखंबा ते कणकवली हा शंभरेक किलोमीटरचा टप्पा या हिशेबात सगळ्यात विरळ आहे. तिथे शिरण्याआधी गाडी थांबवा आणि "बरं वाटतंय ना" हे नीट, खोदून विचारा.

नुसती पाटी असून भागत नाही. गावाजवळच्या दोन रुग्णालयांना आठवडाभर आधी फोन करून तीन गोष्टी विचारा. रात्री सिझेरियन होतं का, म्हणजे भूलतज्ज्ञ रात्री येतात का? रक्त तिथेच मिळतं का, की बाहेरून आणावं लागतं? नवजात बाळांचा विभाग आहे का? ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" असलेल्या ठिकाणीच पोचायचं असतं, भले अर्धा तास जास्त लागो.

रूळांलगत | सोमवार, रात्री १०.२५

छान धागा. रेल्वेचं मी लिहितो.

चिपळूणच्या पुढे जायचं असेल तर गरोदर बाईसाठी रेल्वेच. उठून चालता येतं, शौचालय डब्यातच आहे, आडवं होता येतं. या तीन गोष्टी चारचाकीत मिळत नाहीत.

गर्भवतींसाठी खालच्या बर्थचा राखीव वाटा असतो, ज्येष्ठ नागरिक आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रियांबरोबरचा. स्लीपरच्या प्रत्येक डब्यात सहा-सात, थ्री एसीत चार-पाच, टू एसीत तीन-चार बर्थ. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांतच भरतात, त्यामुळे तारीख मोजून ठेवा.

दिवसाची गाडी की रात्रीची? मांडवी दिवसाची, कोकणकन्या रात्रीची. शेवटच्या तिमाहीत मी दिवसाची सुचवेन. रात्री १० ते सकाळी ६ मधला बर्थ उघडलेला असतो, तेव्हा खालच्या बर्थवर ताठ बसता येत नाही. छातीत जळजळणाऱ्या बाईला दोन-दोन तासांनी उठून बसावंसं वाटतं, ते तिथे जमत नाही. रात्रीचीच गाडी असेल तर साइड लोअर बघा, डोक्यावर मधला बर्थ नसतो. फक्त दोन सीटा जुळतात तिथली फट कमरेखाली येते, तिथे चादरीची जाड घडी घाला.

गाडी सुटते त्या स्थानकावरच चढा, सीएसएमटी, दादर किंवा एलटीटी, ज्या गाडीला जे असेल ते. ठाणे-पनवेलला गणपतीच्या दिवसांत चढणं म्हणजे पोटावर कोपरं घेणं. उतरायचं स्थानक लहान असेल तर गाडी दोनच मिनिटं थांबते, आणि काही ठिकाणी फलाट इतका खाली असतो की शेवटच्या पायरीवरून उडीच मारावी लागते. आधीच्या स्थानकानंतर दाराशी या, सामान घेऊन दुसऱ्याला आधी उतरू द्या, मग बाईने डब्याकडे तोंड करून, दोन्ही दांडे धरून, शिडी उतरतात तसं उतरायचं. फलाटाकडे तोंड करून उतरलं की पोटामुळे पायरी दिसत नाही.

रोहा-वीर सोडलं तर बाकी मार्ग अजून एकेरी आहे. क्रॉसिंगला गाडी अर्धा-पाऊण तास कुठेही उभी राहू शकते. पावसाळी वेळापत्रकात गाड्या मुळातच सावकाश चालवतात आणि त्यावर गणपती स्पेशलची भर. म्हणून वेळापत्रकातला वेळ अधिक चार तास एवढं पाणी, खाणं आणि औषधं हाताशी. गाडीत काही झालं तर १३९ वर फोन आणि टीसीला सांगा, पुढच्या मोठ्या स्थानकावर डॉक्टर बोलावता येतो. बोगद्यांच्या पट्ट्यात नेटवर्क जातं, एकटं करबुडेच साडेसहा किलोमीटर आहे, म्हणून शंका आली की लगेच फोन करा, "बघू थोडा वेळ" नको. आणि साखळी बोगद्यात ओढू नका. तिथे कोणी पोचू शकत नाही.

निळी_शाल | मंगळवार, सकाळी ८.०५

फार उपयोगी. दोन शंका. गर्भवतीचा खालचा बर्थ ऑनलाइन मिळतो का? आणि गाडी लागण्यावर काय करावं? गोळी घेतली तर बाळाला चालते का?

रूळांलगत | मंगळवार, सकाळी ८.३०

गरोदरपणाच्या कारणाने हवा असेल तर आरक्षण खिडकीवर डॉक्टरांचा दाखला घेऊन जा. दाखल्यावर आठवडे, अपेक्षित तारीख, सही-शिक्का. त्याचीच एक प्रत प्रवासातही ठेवा, टीसीकडे बर्थ बदलून मागताना कामाला येते.

खाडीकाठ | मंगळवार, सकाळी ९.१५

गाडी लागण्यावर: रिकाम्या पोटी निघू नका, तुडुंब जेवूनही नाही. निघण्याआधी अर्धा तास कोरडं काहीतरी, भाकरीचा तुकडा, खारी बिस्किटं, लाह्या. वाटेत दर दीड-दोन तासांनी थोडं थोडं. आल्याचा तुकडा मिठात घोळून तोंडात धरला तर बऱ्याच जणींना आराम पडतो. डॉक्सिलामीन आणि पायरिडॉक्सिन या जोडगोळीचा गरोदरपणात खूप वर्षांचा वापर आहे, पण ती डॉक्टरांनी लिहून दिलेलीच घ्या. ती हळूहळू काम करते, त्यामुळे आदल्या रात्री घ्यायची असते. घाट सुरू झाल्यावर घेतली तर उपयोग होत नाही. झोपही येते, एकटीने प्रवास असेल तर हे लक्षात ठेवा.

आता पायांचं. गरोदरपणात रक्त घट्ट व्हायची प्रवृत्ती वाढलेली असते, त्यात सलग चार तास बसून राहिलं की पोटरीतल्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर अर्ध्या तासाने पंजे वर-खाली वीस वेळा, घोटे गोल फिरवायचे, आणि दीड-दोन तासांनी प्रत्यक्ष उभं राहून पाच-दहा मिनिटं चालायचं. मांडीवर मांडी घालून बसू नका. दाबाचे मोजे डॉक्टरांनी सांगितले असतील तर गुडघ्याखालचे घ्या, सकाळी सूज चढण्याआधी घोट्याचं आणि पोटरीचं माप घेऊन. वरची कड दुमडू नका, दुमडलेली कड दोरीसारखी आवळते आणि उलट परिणाम होतो.

दोन्ही पाय सारखे सुजले आणि सकाळपर्यंत उतरले तर तो प्रवासाचा थकवा. एकच पाय, बहुतेकदा डावा, सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर त्याच दिवशी दवाखाना. पोटरी चोळायची नाही, तेल लावायचं नाही. त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं तर १०८.

घाटवाट | मंगळवार, दुपारी १.५०

चारचाकीवाल्यांसाठी.

पट्टा लावायचाच. पोटाला त्रास होईल म्हणून पट्टा न लावणाऱ्या बायका आणि त्यांना पाठिंबा देणारे नवरे सतत दिसतात. खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्या जिथे सुरू होतात तिथे कंबरेच्या हाडांवर, घट्ट. पोटावरून कधीच नाही. तिरका पट्टा दोन स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूने. तो काखेतून खाली घेऊ नका. मागच्या सीटवरही लावा. मागे मधे बसायचं नाही, बऱ्याच गाड्यांत तिथे फक्त कमरेचा पट्टा असतो. पुढे बसणार असेल तर सीट शेवटपर्यंत मागे, एअरबॅग आणि छाती यांत किमान पंचवीस सेंटिमीटर. एअरबॅग बंद करू नका. सातव्यानंतर स्वतः चालवू नये असं माझं मत आहे: पोट स्टिअरिंगजवळ येतं आणि सीट मागे घेतली तर पाय ब्रेकपर्यंत नीट पोचत नाही.

पहाटे चारला मुंबई सोडा. पेण-वडखळ उजाडायच्या आत, माणगाव गर्दी व्हायच्या आत पार पडतं. इंदापूर-माणगाव पट्ट्यात गणपतीच्या आधीचे दोन दिवस गाड्या तासन्‌तास अडकतात आणि तिथे शौचालयाला उतरायची सोय नसते. हे खरं संकट आहे. लघवी तुंबवल्याने जंतुसंसर्ग होतो आणि त्या संसर्गाने अवेळी कळा सुरू होऊ शकतात. म्हणून शक्य असेल तर गर्दीच्या तारखेच्या चार दिवस आधीच निघा. नाहीच जमलं तर गाडीत झाकणाचा डबा, पडद्याला जुनी साडी आणि हात धुवायला पाण्याची बाटली ठेवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कशेडीला बोगदा झाल्यापासून जुन्या घाटाची वळणं वाचतात. परशुराम घाटात पावसात दरड येते, निघायच्या दिवशी रस्ता चालू असल्याची चौकशी करा. पुणे-कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी ताम्हिणी, कुंभार्ली, आंबा, करूळ, फोंडा, आंबोली, जो घाट असेल तो दिवसाच उतरावा. घाट उतरण्याआधी शौचालय उरकून घ्या, आत थांबायला जागा नसते.

एसटीने जाणाऱ्यांनी मधल्या रांगा घ्याव्यात, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या. मागच्या चाकांच्या मागे लटकणारा भाग प्रत्येक खड्ड्यात सगळ्यात जास्त उडतो, तिथे गादी घालूनही फरक पडत नाही.

रातांबा | मंगळवार, दुपारी ३.३०

खड्ड्यांवरून आठवलं. आमच्याकडे ज्येष्ठ मंडळी ठाम सांगतात की धक्क्याने गर्भ पडतो. तिसऱ्या महिन्यात तर घराबाहेरच नको. यात तथ्य किती?

खाडीकाठ | मंगळवार, रात्री ९.००

@रातांबा, पहिल्या तीन महिन्यांतले बहुतेक गर्भपात हे गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात, खड्ड्यांमुळे नाही. घरी पलंगावर असतीस तरी ते झाले असते. हे मुद्दाम लिहिते, कारण प्रवासानंतर असं काही झालं की बाई आयुष्यभर स्वतःला दोष देत बसते, आणि घरचेही देतात.

धक्का वेगळा, मार वेगळा. गाडी आपटली, पोटावर सीटचा दांडा बसला, पाखाडीवरून (दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून) घसरून पडली, तर वार सुटण्याचा धोका असतो आणि बाहेर रक्त दिसेलच असं नाही. पोट फळीसारखं कडक होणं, सतत दुखणं, बाळाची हालचाल कमी होणं या खुणा. २० आठवड्यांच्या पुढे असा मार बसला तर "मी बरी आहे" म्हणून घरी जायचं नाही, रुग्णालयात किमान चार तास बाळाचे ठोके आणि पिशवी तपासत ठेवावी लागते. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा. अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. आडबाजूच्या ठिकाणी ते असेलच असं नाही, म्हणून गावी गेल्यावर कुठे मिळतं ते आधी विचारून ठेवा.

पाखाडी | बुधवार, सकाळी ७.२०

रस्त्याचं सगळं आलं. आता गाडी थांबते तिथून घरापर्यंतचं, कारण कोकणात अनेक वाड्यांचा खरा प्रवास तिथेच सुरू होतो.

घरापर्यंत रुग्णवाहिका येते का? "जीप येते" हे उत्तर पुरेसं नाही. १०८ ची गाडी जीपपेक्षा उंच आणि लांब असते, फांद्या आडव्या येतात, वळण बसत नाही. गाडी कुठपर्यंत येईल ती जागा ठरवा आणि फोनवर सांगायची खूण आधी बोलून ठेवा: अमुक तिठा, तमुक देऊळ, शाळेमागची घाटी. घराचं नाव सांगून चालकाला काही कळत नाही.

पाखाडी असेल तर जांभ्यावर ऑगस्ट-सप्टेंबरला शेवाळ असतंच. पाहुणे यायच्या दोन दिवस आधी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पसरून तारेच्या ब्रशने घासून घ्या आणि धुऊन टाका. साध्या झाडूने शेवाळ निघत नाही, फक्त ओलं होतं. मागून पट्टा असलेली खोल नक्षीच्या तळव्याची रबरी सँडल घाला, सपाता नकोत. उतरताना आडवं, एकेक पायरी, एक हात दुसऱ्याच्या खांद्यावर, आणि तो माणूस खालच्या बाजूला. व्हाळावर (ओढ्यावर) लाकडी साकव म्हणजे छोटा पूल असेल तर पावसाळ्याच्या शेवटी फळ्या कुजलेल्या असतात, आधी कोणीतरी चालून बघा. पाणी साकवाला टेकलं असेल तर त्या दिवशी ओलांडायचंच नाही.

उचलून आणायची वेळ आली तर प्लॅस्टिकची खुर्ची वापरू नका, पाय मोडतात. लाकडी हाताची खुर्ची, दोन्ही बाजूंना बांबू दोरखंडाने बांधून, चार माणसं. बाईच्या उजव्या कुशीखाली चादरीची घडी द्या, म्हणजे ती जरा डावीकडे कलते. वीस आठवड्यांनंतर उताणं राहिलं की पिशवीचा भार मोठ्या शिरेवर येतो, चक्कर येते, बाळाचाही रक्तपुरवठा घटतो.

पोचल्या दिवशीच आशाताईंना कळवा. तुमचं माता-बाल संरक्षण कार्ड मुंबईचं असलं तरी गावात चालतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची तपासणी असते, जमलं तर ती गाठा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून सरकारी रुग्णालयात, तिथून मोठ्या रुग्णालयात आणि परत घरी असं वाहन मोफत मिळतं. त्यासाठी १०२, आणीबाणीत १०८.

पावसातली चार दुखणी. एक, लेप्टो, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप. भातखाचरात, साचलेल्या पाण्यात अनवाणी जायचं नाही, पायाला जखम असेल तर अजिबात नाही. साथ असली की गावात डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटतात, गरोदर बाईने त्या घ्यायच्या नसतात. वाटणाऱ्याला "मी गरोदर आहे" हे स्वतः सांगा, डॉक्टर दुसरं औषध देतात. दोन, पाण्यातून होणारी कावीळ. तिच्यातला हेपॅटायटिस ई शेवटच्या तिमाहीत जिवावर बेततो. विहिरीचं पाणी नुसतं गाळून नाही, खळखळ उकळूनच प्यायचं, दात घासायलाही तेच. तीन, डास: मच्छरदाणी, दिवसा झोपतानाही. चार, फुरसं, हा विषारी साप. कातळावर, दगडी गडग्यात असतं, रात्री अंगणातल्या मोरीला जाताना बॅटरी आणि पायात काहीतरी हवंच. चावलंच तर गरोदर आहे म्हणून सर्पदंशाची लस टाळायची नसते, ती द्यावीच लागते. असा घोळ झाला तर ठामपणे सांगा.

दर्याकिनारी | बुधवार, सकाळी ११.१०

फेरीबोटीचं कोणी लिहिलं नाही. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा. या जंगलजेट्टीने मोठा वळसा वाचतो आणि खाडीत लाटा फारशा नसतात, त्यामुळे गरोदर बाईला त्रास नाही. गाडी बोटीवर चढताना-उतरताना मात्र तिने गाडीत बसून राहावं. उतार ओला आणि शेवाळलेला असतो, पायी चढताना घसरायला होतं. बोट सुटली की उतरून कठड्याशी, गाड्यांच्या मधे उभं राहायचं नाही.

पण एक लक्षात ठेवा. रात्री उशिरा फेरी बंद होते. गुहागरच्या टोकावरच्या गावातून दिवसा पलीकडे रत्नागिरीकडे जाणं जवळ वाटतं, रात्री दोन वाजता तो रस्ताच नसतो. वर खाडीकाठ यांनी सांगितलेली रुग्णालयांची यादी दिवसाची एक आणि रात्रीची एक अशी दोन करा. अतिवृष्टीची तिसरी. २०२१ च्या जुलैत चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा शहर ओलांडून पलीकडे जाणंच अशक्य होतं. खेडला जगबुडी, राजापूरला अर्जुना-कोदवली यांचंही तेच. नदीच्या आपल्या बाजूला कुठलं रुग्णालय आहे, ते माहीत हवं.

गेटवे-मांडव्याच्या बोटीत धक्क्यावरून बोटीत पाय टाकताना बोट खालीवर होत असते. बोट वर येते त्या क्षणी पाऊल टाका, हात खलाशाला द्या, पिशवी खांद्यावर नको. शेवटच्या तिमाहीत त्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो बरी.

निळी_शाल | बुधवार, दुपारी २.४५

प्यायला काय न्यावं? कोकम सरबत आणि ओआरएस दोन्ही नेणार आहे. ओआरएस पेल्यात थोडं थोडं टाकून घेतलं तर चालेल ना?

खाडीकाठ | बुधवार, रात्री ८.३०

@निळी_शाल, पेल्यात अंदाजाने नको. मोठं पाकीट असतं ते एक लिटर पाण्यासाठी, लहान पाकीट २०० मिलीसाठी. पाकिटावर वाचून सगळं एकदम तेवढ्याच पाण्यात विरघळवा. घट्ट झालं तर क्षार जास्त होतात, तहान आणि उलट्या वाढतात. पातळ झालं तर उपयोग कमी. कालवल्यावर २४ तासांत संपवा, उरलेलं टाकून द्या. जुलाब-उलट्या नसतील तर ओआरएसची गरजही नाही, साधं पाणी पुरतं, दिवसाला दोन ते अडीच लिटर. लघवी फिकट पिवळी राहिली पाहिजे.

कोकम सरबत चवीला उत्तम, पण बाटलीतल्या आगळात मीठ आणि सरबताच्या पाकात साखर भरपूर असते. गरोदरपणातला मधुमेह असेल तर पाकाचं सरबत नको, बीपी असेल तर आगळ जपून. शहाळं समोर फोडून घ्या. रस्त्यावरचा बर्फ कशातच नको.

मासळीचंही सांगून टाकते. बांगडा, तारली, मांदेली भरपूर खा, नीट शिजवून. मोरी (शार्क) नको, मोठ्या सुरमईचे तुकडे रोज नकोत, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. कालवं, तिसऱ्या (शिंपल्या) पूर्ण शिजलेल्याच.

माड_पोफळी | बुधवार, रात्री ९.५५

बरा लिवलंस गो. येक गोष्ट रवली, ती सांगतंय.

वाटेतच कळा सुरू झाल्या तर काय? ३७ आठवड्यांच्या आधी पोट घट्ट होऊन सुटायला लागलं तर दोन पेले पाणी प्या, लघवी करून या, डाव्या कुशीवर पडा आणि घड्याळ लावा. पाणी कमी पडल्याने नुसत्या खोट्या कळाही येतात, त्या थांबतात. तासात चार किंवा जास्त आल्या, किंवा पाणी गेलं, रक्त दिसलं, तर पुढचं जवळचं रुग्णालय. घर अर्ध्या तासावर असलं तरी घरी नाही. पाणी गेल्यावर मऊ, गुळगुळीत दोरीसारखं काही बाहेर आलं तर ती नाळ. तिला आत ढकलायचं नाही, बाईला गुडघे आणि छाती टेकवून, कंबर वर करून ठेवायचं आणि १०८ ला "नाळ बाहेर आली आहे" हेच शब्द सांगायचे.

बाळ वाटेतच झालं तर: स्वच्छ सुती कापडाने लगेच कोरडं करा, आईच्या उघड्या छातीवर ठेवा, दोघांना एकत्र पांघरा. नाळ कापायची घाई नाही, स्वच्छ साधन नसेल तर कापूच नका. वार ओढायची नाही. आपोआप आली तर पिशवीत घालून बाळाबरोबरच न्या. म्हणून गाडीत दोन धुतलेल्या सुती साड्या, दोन पंचे आणि एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवा.

आणि डोकं प्रचंड दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहरा आणि हात सुजणं, याला पित्त समजून आल्याचा रस देत बसू नका. ते बीपी आहे, झटके येऊ शकतात.

घाटवाट | गुरुवार, सकाळी ६.४०

माझ्याकडून थोडी भर. फाइल दोन प्रतींत: मूळ बाईच्या पर्समध्ये, झेरॉक्स गाडीत. कार्ड, शेवटची सोनोग्राफी, रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही आणि काविळीचे अहवाल, चालू औषधांची चिठ्ठी. फोनवर फोटो काढा, पण क्लाउडवर नको, फोनमध्येच साठवा. नेटवर्क नसलं की क्लाउड उघडत नाही. औषधंही मोठ्या बॅगेत नको, ती टपावर बांधली जाते.

रातांबा | गुरुवार, सकाळी १०.१५

बाळाची हालचाल प्रवासात कळतच नाही असं बऱ्याच जणी म्हणतात. मग मोजायची कशी?

खाडीकाठ | गुरुवार, दुपारी १.३०

गाडीच्या हलण्यात कळत नाही हे खरं. म्हणून प्रवासात मोजू नका, पोचल्यावर मोजा. २८ आठवड्यांच्या पुढे असाल तर हातपाय धुऊन, काहीतरी खाऊन, शांत खोलीत डाव्या कुशीवर पडा. दोन तासांत दहा हालचाली झाल्या की ठीक. त्या दोन तासांत आरतीला बोलवायला कोणी येऊ नये, एवढं घरच्यांनी बघावं. दहा झाल्या नाहीत तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री ठोके तपासून घ्या, उपकेंद्रातल्या सिस्टरकडेही ते यंत्र असतं. ठोके नीट लागले तरी हालचाल कमीच वाटत असेल तर रुग्णालय.

रूळांलगत | गुरुवार, दुपारी २.१०

परतीच्या तिकिटाचं एक राहिलं. गौरी-विसर्जनानंतरच्या दोन दिवसांचं काढू नका, तेव्हा आरक्षित डब्यातही पाय ठेवायला जागा नसते आणि शौचालयापर्यंत पोचता येत नाही. शनिवार-रविवार टाळून मधल्या वाराचं बघा, आणि सावंतवाडीहून सुटणारी तुतारी मिळाली तर सुटते तिथूनच चढा.